विस्तव आणि नानकटाई

दिवाळीच्या फराळाच्या ताटात नानकटाईला मानाचे पान कधी मिळाले नाही. चकली, कडबोळी, करंजी, अनारसा, लाडू ही सारी घरची मंडळी. त्यांचे रुसवेफुगवे घराने पिढ्यान् पिढ्या सोसलेले असतात. अनारसा तुपात पडताच विरघळला तर घरची गृहिणी दोन दिवस कोणाशी धड बोलत नाही. करंजी फुटली तर त्याचे खापर हमखास कुणाच्या तरी दृष्टीवर फुटते. नानकटाईसाठी मात्र असे कोणी जीव टाकत नाही. ती ताटाच्या कडेला, पाहुणीने ओटीवर टेकावे तशी बसते, आणि मुलांनी एकदा उचलली की तिची आठवणही राहत नाही.

पण हा पाहुणेपणा मला नेहमीच कोड्यासारखा वाटत आला आहे. कारण नानकटाईत परके असे आहे तरी काय? मैदा करंज्यांसाठी आणलेला असतोच. बेसन लाडवांसाठी असते, रवा असतो, साखर असते, तूप असते. वेलदोडे आणि जायफळ तर फडताळातल्या एखाद्या लहान डबीत बारा महिने पडून असतात. वर चिमूटभर सोडा, आणि तोही भज्यांच्या निमित्ताने घरात आलेला. म्हणजे पुडी सोडायला वाण्याकडे जायचेही कारण नाही. घरात आहे त्यातच जे होते, ते परके कसे? पुष्कळ वर्षांनी मला याचे उत्तर सुचले, आणि ते अगदी साधे आहे. नानकटाईचे सगळे जिन्नस आपल्या घरात असतात. फक्त विस्तव आपला नसतो.

आपल्या स्वयंपाकघरातला विस्तव खालून लागतो. तळणे, उकडणे, परतणे, भाजणे हे सारे एका बाजूने चालते. म्हणून तर पोळी उलटावी लागते आणि भाकरी निखाऱ्यावर धरावी लागते. सगळीकडून सारखी आच देण्याची रीत आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. विदर्भात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात. कोकणात काकडीचे धोंडस करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवतात, त्याला ‘वर-खाली विस्तव’ असे सुरेख नाव आहे. गोव्यातली बेबिंकाही थराथराने अशीच वरच्या आचेवर भाजली जात आली. पण ही सारी चुलीच्या राज्यातली कौशल्ये. गॅस आला आणि निखारा गेला. निळ्या ज्योतीला झाकणावर कसे ठेवणार? त्यामुळे ज्या घरात गॅसची शेगडी आली त्या घरात नानकटाईला पहिल्यापेक्षाही जागा उरली नाही. तिला भट्टीच हवी, आणि भट्टी म्हणजे बेकरी.

बेकरीच्या साऱ्या शब्दांकडे पाहिले तर तेही असेच दूरदूरचे प्रवासी आहेत. पाव पोर्तुगीजांबरोबर आला. बिस्किट हा शब्द आपल्याला इंग्रजीने दिला, पण त्याचे मूळ ‘दोनदा भाजलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. हल्ली मुलांच्या तोंडी असलेली ‘कुकी’ ही मूळची डच. तिचा अर्थ इवलासा केक. आणि नानकटाईतले ‘नान’ फारसी, म्हणजे रोटी. सुरतेला अशी कथा सांगतात की, डच वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणारी एक बेकरी डच गेल्यावर एका पारशी गृहस्थाकडे आली. पावाला गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा उरलेला, वाळलेला माल लोकांना आवडू लागला आणि त्यातूनच पुढे नानकटाई घडली. कथा कथेच्या ठिकाणी असो. पण फारसी नावाची, डचांच्या भट्टीतली, पारशाच्या हातची आणि गुजरातेतून आपल्या दिवाळीत आलेली ही वस्तू मला तरी कधी परकी वाटली नाही. कारण ती ज्या वाटेने आमच्या घरी येत असे ती वाट मी स्वतः पायांनी तुडवली आहे.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीस, तालुक्याच्या गावी नानकटाई करणे हा दोन वेळचा सोहळा असे: एकदा मे महिन्याच्या सुट्टीत आणि एकदा दिवाळीच्या आधी. वाड्यातल्या चार-पाच बायका मिळून दिवस ठरवीत. बेकरीवाल्या चाचांकडे निरोप जाई. ते दुपारची वेळ देत, आणि त्या वेळेला कारण होते. पहाटे भट्टी लाकडांनी पेटवून लालभडक करीत. मग निखारे बाजूला ओढून, फरशी ओल्या पोत्याने पुसून पाव आत जात. पावाला कडक आच लागते. सकाळभर पाव आणि बटर भाजून झाले की भट्टी हळूहळू निवत येई. विटांनी पोटात साठवलेली ऊब तेवढी उरे. ती उतरती, शांत आच हीच नानकटाईची वेळ. चाचांकडे उष्णता मोजायचे यंत्र नव्हते. ते चिमूटभर मैदा आतल्या फरशीवर फेकीत आणि तो किती वेळात तांबूस होतो ते पाहत. झटकन करपला तर म्हणत, “वहिनी, बसा जरा. अजून रागात आहे.”

जिन्नस घरचे, मळणे घरचे, विस्तव चाचांचा आणि त्याबद्दल किलोमागे ठरलेली भाजणावळ. शिवाय निघताना एका कागदावर दहा-बारा नानकटाया त्यांच्या मुलांसाठी काढून ठेवायच्या. हा भाजणावळीचा भाग नव्हता. तो कोणी ठरवलेला नव्हता आणि कोणी कधी मोडलाही नाही.

घरची कृती माझ्या आईला वाट्यांनी पाठ होती. दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी थिजलेले तूप, पाव चमचा सोडा. तूप पातळ करून घालायचे नाही, ही पहिली अट. परातीत थिजलेले तूप आणि साखर तळहाताने फेसायची. इतकी की पिवळसर तूप पांढरेशुभ्र होऊन हाताला लोण्यासारखे हलके लागावे. हे काम आम्हा मुलींकडे असे. खांदे भरून येत, आणि आई दर पाच मिनिटांनी येऊन बोट लावून म्हणे, “अजून.” त्या वेळी तो मला निव्वळ छळ वाटे. फेसताना तुपात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडले जातात, आणि भट्टीत सोड्यातून सुटणारा वायू याच बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो, हे मी पुष्कळ पुढे वाचले. सोडा नवे बुडबुडे निर्माण करीत नाही. असलेल्यांनाच मोठे करतो. म्हणजे आमच्या खांद्यांनी जेवढे केले असेल तेवढेच सोड्याला करता येई. आणि खांद्यांचा आळस सोडा वाढवून भरून काढू म्हटले तर नानकटाईला साबणासारखी चव येई. शाळेत शिकवताना हा दाखला मला फार उपयोगी पडला आहे.

दुसरी अट पाण्याची. नानकटाईच्या पिठात पाण्याचा थेंब पडता कामा नये. पीठ भरभरीत वाटले, गोळा वळेना, तर आणखी चमचाभर तूप. पण पाणी नाही, दूधही नाही. याचेही कारण आहे. गव्हाच्या पिठातली प्रथिने पाण्याशी मळली गेली की त्यांचे चिवट जाळे तयार होते. पोळीला तेच हवे असते, पावालाही तेच. नानकटाईला मात्र खुसखुशीतपणा हवा. म्हणून पिठाचा कण न् कण आधी तुपाने माखायचा आणि पाण्याला दारातच अडवायचे. बेसनात आणि रव्यात तर हेच धोरण पुढे नेलेले असते: बेसनाला ते जाळे विणता येत नाही, आणि रवा दाताखाली कुरकुरत राहतो.

पाण्याच्या याच अटीमुळे नानकटाई आमच्या आजीच्या ताटात पोचली. आजी सोवळ्याची. बेकरीतला पाव तिने जन्मात तोंडात घातला नव्हता; पावाचे पीठ पायांनी तुडवतात ही त्या काळची लोकप्रिय वदंता तिने कधी तपासून पाहिली नाही आणि तपासण्याची तिला गरजही वाटली नाही. पण नानकटाई ती खात असे. आईने एकदा भीतभीत विचारले तेव्हा तिने शांतपणे सांगितले, “त्यात पाणी कुठं आहे? पीठ आपलं, तूप आपलं. विस्तवाला विटाळ नसतो.” भडभुंज्याच्या भट्टीतल्या लाह्या देवाला चालतात, त्याच न्यायाने नानकटाई चालते, असा तिचा निवाडा होता. एकच जादा कलम: तिच्यासाठी साजूक तुपाचा ट्रे वेगळा. बाकीच्या ट्रेंना आई वनस्पती तूप वापरी, कारण साजूक तुपात पाच घरांच्या नानकटाया करण्याची ऐपत आमच्या वाड्यात कोणाचीच नव्हती. १९३७ मध्ये आलेल्या डालड्याच्या पिवळ्या डब्याने मध्यमवर्गाची कितीतरी पक्वान्ने तारली आणि रिकामा झाल्यावर तुळशीला घर दिले. त्या तुपातल्या घातक मेदाचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०२२ मध्ये लागू झाला. आजी त्याआधी पुष्कळ वर्षे म्हणत होती, “ते तूप टाळूला चिकटतं.” तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण टाळू होती.

मला आता गंमत वाटते की, खुसखुशीतपणाचे शास्त्र आणि आजीचे सोवळे ही दोन्ही एकाच थेंबावर येऊन थांबली होती. पाणी नाही म्हणून नानकटाई ठिसूळ झाली, आणि पाणी नाही म्हणूनच ती उंबरठा ओलांडून आत आली.

मराठीत एक वाक्प्रचार आहे. दोन घरांत वैर किती पराकोटीचे आहे हे सांगायचे असेल तर आपण म्हणतो, ‘त्या दोघांत विस्तव जात नाही.’ काड्यापेटी घरोघर नव्हती तेव्हाचा हा शब्द. चूल विझली तर शेजारणीकडून खापरीत निखारा आणायचा, ही रोजची गोष्ट होती. धान्य उसने दिले तर कमी होते. विस्तव दिल्याने कमी होत नाही. म्हणून तो नाकारणे म्हणजे वैराची शेवटची पायरी. जेवणखाण नाही, सोयरीक नाही, पण विस्तव जातो, इतपत नाते तरी माणसांनी राखावे अशी त्यामागे अपेक्षा असावी. आमच्या वाड्यात आणि त्या बेकरीत नाते बरोबर एवढेच होते. चाचांच्या घरचे पाणी आमच्यापैकी कोणी प्यायले नव्हते. ईदेचा शिरखुर्मा आला तर तो आम्ही मुले जिन्यात उभी राहून संपवीत असू. पण विस्तव जात होता.

१९९२ च्या डिसेंबरात, अयोध्येत मशीद पडल्यावर, मुंबई पेटली. पुढच्या जानेवारीत ती पुन्हा पेटली. आमच्या गावात दंगल झाली नाही; चार दिवस दुकाने बंद राहिली, दोन ठिकाणी दगड पडले, पोलिसांची गाडी बाजारात उभी राहिली, इतकेच. पण गावाचा स्वर बदलला. बेकरी आठवडाभर बंद होती. उघडली तेव्हा पावाच्या बाबतीत काहीबाही कुजबुज सुरू झालेली होती. तिचा उगम कोणालाच सांगता येत नव्हता, आणि तरी ती प्रत्येकाच्या तोंडी होती. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. शाळेत जाताना ती बेकरी लागे. फळीवर पावांच्या लाद्या दुपारपर्यंत तशाच पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

मे महिना आला. आईने नेहमीप्रमाणे विचारले, कधी जायचे? वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन घेतला होता. त्या म्हणाल्या, “आता कशाला तिकडे जायचं? माझ्याकडेच करू या की सगळ्या मिळून.” दुसऱ्या दोघी गप्प राहिल्या. एकीने उन्हाचे कारण सांगितले. त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, हे मला आज सांगितले पाहिजे. भीती होती, आणि भीतीला सोयीचे निमित्त मिळाले होते. आईचेही मन कचरले. ती परात मांडून नुसतीच बसली.

आजी देवघरातून हे ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, “तूप फेसायला घ्या. भट्टी काय काल बांधली आहे?” आई म्हणाली, “पण सासूबाई, कोणीच येत नाही म्हणतात.” त्यावर आजी म्हणाली, “मी येते.”

बेकरीची पायरी आजीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती आत गेली नाही. बाहेर लिंबाखाली चाचांनी बाकडे आणून टाकले, त्यावर ती पदर सावरून ताठ बसली. डोक्यावर पदर, हातात जपाची माळ. येणारी-जाणारी माणसे थबकून पाहत होती आणि आजी कोणाकडेच पाहत नव्हती. दोन तास ती तशी बसली होती. ट्रे बाहेर आले. चाचा एका कागदावर दोन नानकटाया घेऊन आले आणि म्हणाले, “माई, गरम आहेत. घ्या.” आजीने कागद हातात घेतला, पण खाल्ले नाही. “देवापुढं ठेवल्याशिवाय मी खात नाही,” असे तिने सांगितले. मग विचारले, “मुलांसाठी ठेवल्या का?” आईने मान हलवली. आजी उठली. चाचांनी विचारलेले पाणीही ती प्यायली नाही.

ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, आणि ऐकणाऱ्याला बहुधा शेवट आवडत नाही. त्यांना वाटते, आजीने ती नानकटाई तिथेच खायला हवी होती. कादंबरी लिहायला बसले तर माझाही हात तिकडे वळेल. पण आजी तशी नव्हती. तिचे सोवळे त्या दिवशी सुटले नाही, पुढेही सुटले नाही. ती काही शिकवायला गेली नव्हती, गावाला काही दाखवायलाही गेली नव्हती असे मला वाटते. तिच्या हिशेबात एक साधी मर्यादा होती: पाणी चालत नसेल तर न चालो, पण विस्तव बंद होता कामा नये. दिवाळीला बाकीच्या दोघी पुन्हा आमच्याबरोबर आल्या. वरच्या वहिनींनी घरच्या ओव्हनमध्ये केल्या, आणि त्याही चांगल्या झाल्या होत्या.

पुढे काळ सरकला तसा तो प्रघात आपोआपच आटला. चाचा गेले. मुलांनी लाकडांची भट्टी मोडून फिरत्या ट्रेंचा मोठा ओव्हन बसवला. त्यात घरगुती ट्रेंना जागा नाही आणि कामगारांना वेळ नाही. याबद्दल गळा काढण्याचे मला कारण दिसत नाही. लाकडाच्या भट्टीपुढे उभे राहून त्या माणसाची छाती धुराने भरली होती, हे मी पाहिले आहे. मुंबईत २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून वायू किंवा विजेकडे वळायला सांगितले, तेव्हा जुन्या चवीसाठी हळहळणारे पुष्कळ निघाले. चव खरीच, पण धूर गिळणारी माणसेही खरीच.

आता घरोघर ओव्हन आहेत, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी युक्त्या शोधल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत हे फारच दिसून आले. माझ्या वर्गातल्या मुली कुकरमध्ये भाजू लागल्या. कुकरची शिटी आणि रबर काढायचे, तळाशी वाळू किंवा जाडे मीठ पसरायचे, त्यावर एक चाळण, तीवर डबा. पाणी अर्थातच घालायचे नाही. वाळू तापायला वेळ घेते, पण तापली की ऊब धरून ठेवते आणि सारखी वाटते. म्हणजे चाचांच्या विटांचेच काम ती करते. माझ्या भाचीने त्या दिवसांत मला दूरध्वनीवरून ब्राउनीची कृती सांगितली आणि मी ती तिच्या सूचनांप्रमाणे केली. मैदा थोडा, साखर आणि लोणी भरपूर, कोको, अंड्याऐवजी दही. ब्राउनी ही नानकटाईच्या उलट स्वभावाची. नानकटाईला ओल सोसत नाही आणि ब्राउनी ओलीच चांगली. सुरी घालून काढली तर तिला जराशी माया चिकटलेली असावी, अगदी कोरडी निघाली तर ती साधा केक झाली म्हणायची. अमेरिकेतल्या फॅनी फार्मरबाईंच्या १८९६ च्या पाकपुस्तकात ब्राउनी आहे, पण तिच्यात चॉकलेट नाही, काकवी आहे; चॉकलेट १९०६ च्या आवृत्तीत आले. म्हणजे तिनेही घरात होते त्यातूनच सुरुवात केली. हे मला फार जवळचे वाटले.

ब्राउनी उत्तम झाली. ती आम्ही घरातल्या तिघांनी संपवली. त्या वेळी कोणाकडे काही पोचवणे शक्यच नव्हते. पण टाळेबंदी उठल्यावरही ती सवय तशीच राहिली, हे माझ्या ध्यानात आले. माझे पीठ, माझे तूप आणि आता माझा विस्तव. कोणाला वेळ विचारायची नाही, कोणाची भट्टी निवण्याची वाट पाहायची नाही, कोणाच्या मुलांसाठी कागदावर दहा काढून ठेवायच्या नाहीत. विस्तव घरचा झाला की तो दोन घरांत जायचे कारणच उरत नाही. भांडण झालेले नसते, कोणी कोणाला नाकारलेले नसते. नुसते मागायचे बंद झालेले असते. आणि मग एखाद्या डिसेंबरात गाव घाबरते, तेव्हा एकमेकांकडे जायला पायवाट शिल्लक नसते.

म्हणून गेल्या दिवाळीपूर्वी कार्यानुभवाच्या तासाला मी सातवीच्या मुलांना नानकटाई शिकवायचे ठरवले, आणि ती घरच्या ओव्हनात न करता बेकरीत न्यायचे ठरवले. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक भट्टी अजून आहे. दुपारी चारनंतर ट्रे घेऊन या, असे तिथल्या मालकांनी सांगितले. प्रत्येकाने घरून एक वाटी आणायची: कोणी मैदा, कोणी साखर, कोणी तूप. दुसऱ्या दिवशी एक पालक मला भेटायला आले. सभ्य गृहस्थ. जरा आढेवेढे घेऊन त्यांनी विचारले, “बाई, बेकरी कोणाची आहे?”

मी त्यांना नाव सांगितले. ते म्हणाले, “घरी ओव्हन आहे आमच्या. हवं तर आम्ही पाठवून देतो.” मी म्हटले, ओव्हन माझ्याही घरी आहे. मग त्यांना मी आजीची गोष्ट सांगितली, शेवट न बदलता. ते ऐकून घेऊन गेले. पटले की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजले नाही.

ठरलेल्या दिवशी बत्तीस मुलांपैकी सहांच्या घरून वाट्या आल्या नाहीत. त्या गृहस्थांच्या मुलाची आली. तुपाची होती, साजूक, काठोकाठ भरलेली. मुलांनी आळीपाळीने तूप-साखर फेसली. दर पाच मिनिटांनी मी बोट लावून “अजून” म्हणत होते. परातीत एकदा सारे एकत्र झाल्यावर कोणाचे तूप कोणते आणि कोणाच्या वाटीतली साखर कोणती हे शोधणे कोणाच्याही हातचे राहिले नव्हते. भट्टीपुढे मुले एकमेकांना ढकलत उभी राहिली. मालकांनी त्यांना चिमूटभर मैदा टाकून आच पाहायला शिकवले. नानकटाया भट्टीतून निघतात तेव्हा मऊ असतात, हात लावला तर मोडतात. निवल्यावरच त्यांना त्यांचा कणखरपणा येतो. हेही मुलांना सांगावे लागले, कारण दोघांनी घाई केली होती.

वाटप बत्तीस जणांत झाले. वाटी न आणलेल्या सहांना दोनदोनच मिळाल्या, आणि आणलेल्यांनाही दोनदोनच. एका मुलीने मला न विचारता एक कागद पसरला आणि त्यावर दहा-बारा नानकटाया मोजून काढून ठेवल्या. मी हे मुलांना सांगितले नव्हते. गोष्ट मी फक्त त्या गृहस्थांना सांगितली होती. मी तिला विचारले, “या कोणाच्या?” ती म्हणाली, “आत त्यांची मुलं आहेत ना, त्यांच्या.”